अक्रोड कशात वाटावेत

माझं यंत्र टेबलाच्या कडेला आवळून बसतं,
लोखंडी, हाताने फिरवायचं.
पाठीवर किंमत ओतलेली आहे: सहा रूबल तीस.
तो देश गेला, ते रूबल गेले,
किंमत काही झिजली नाही.

समोरच्या दारातली त्सिआला म्हणायची,
नानुली, यंत्र अक्रोड चावतं.
चावायचं काम खाणाऱ्याचं.
आपण कुटायचं, तेल सुटेस्तोवर,
दगडी खलात, दुसऱ्या कशात नाही.
हे ती जिन्यात उभी राहून सांगायची,
म्हणजे नऊही मजल्यांना ऐकू जावं.

सातव्या मजल्यावरची जुजुना मिक्सरवाली.
मुलाने पोलंडहून पाठवलेला, तीन वेगांचा.
त्सिआलाच्या मते त्यातून सात्सिवी निघत नाही,
भिंतीला द्यायचा रंग निघतो.
खा मग तुझे दगड, असं म्हणून जुजुना
लिफ्टमध्ये नाणं टाकायची आणि वर जायची.
आणि नाझिब्रोला, जिला कुणी विचारलेलं नसायचं,
म्हणायची, मातीच्या तव्याला साबण लावणारीच्या हातचं
पाणीसुद्धा पिऊ नये.
ते मला उद्देशून असायचं.
लावते मी साबण.

तशी काही बाबतींत भांडणं नव्हती.
लसूण मिठाबरोबर कुटायचा.
पाव पालथा ठेवायचा नाही.
झेंडूच्या पाकळ्यांची पूड घ्यायची
ती पुलाजवळच्या त्या बहिऱ्या म्हातारीकडूनच,
कारण ती भेसळ करत नाही
आणि घासाघीसही ऐकत नाही.

दर एकतीस डिसेंबरला दुपारी
त्सिआलाच्या दाराआडून आवाज यायचा,
ठक्, ठक्, मग थांबून पुन्हा ठक्.
मी दांडा फिरवायचे,
आणि चिडून लक्षात यायचं
की तिच्याच ठेक्यावर फिरवतेय.

फेब्रुवारीत ती गेली.
किल्ली माझ्याकडे होती.
तिची खातुना बारीहून यायची होती,
तिथे ती कुणाच्या तरी आईला भरवते, उठवते, निजवते.
म्हटलं, ती येण्याआधी फ्रिजमधलं दूध तरी ओतून टाकू.

पिठाच्या डब्यामागे, टॉवेलात गुंडाळलेलं,
कॉफी दळायचं विजेचं यंत्र.
झाकण उघडलं.
कॉफीचा वास नाही.
पात्याखाली अक्रोडाची तपकिरी सालं,
जुनी, खवट, बोटाला चिकटणारी.

खल खिडकीत होता.
आत बोट फिरवलं.
तेलाचा मागमूस नाही,
दगडाची पांढरी भुकटी तेवढी लागली.
रिकाम्या खलात बत्ता आपटला की अशी भुकटी पडते.

तिथेच स्टुलावर बसले.
मग आठवलं, गेली तीन-चार वर्षं
ती चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायची.
आम्हाला वाटायचं, थंडी वाजते तिला.

यंत्राला वायर गुंडाळली,
एप्रनच्या खिशात टाकलं आणि दार ओढून घेतलं.
चौथ्या दिवशी खातुनाने विचारलं,
आई शेवटपर्यंत खलातच कुटायची ना?
म्हटलं, अख्ख्या इमारतीने ऐकलंय.
तिने तो खल नेला.
अकरा किलो.
विमानतळावर बॅग उघडून
दोन कोट आणि बूट काढून ठेवले म्हणे,
खल नाही काढला.

यंदा एकतीस तारखेला
माझे अक्रोड मी त्या विजेच्या यंत्रात घातले.
वीस सेकंद, मग हलवून आणखी दहा.
तेल सुटलं. चांगलं सुटलं.
माझ्या यंत्रापेक्षा चांगलं सुटलं,
आणि हे सांगायला जिन्यात कुणी नव्हतं.

खालचं दार वाजलं.
जुजुनाच्या पिशव्या मला आवाजावरून कळतात.
माझं दार थोडं उघडलं,
टेबलाशी येऊन बसले,
आणि सहा रूबल तिसांचा तो दांडा
रिकामाच फिरवत राहिले, करकर, करकर,
ती वर पोचेपर्यंत.

लिफ्ट बंद होती.
तिला बराच वेळ लागला.